स्टेंट बसवलेल्या माणसाला घेऊन इंग्लंडला येताना

मिस्टरांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवली), आता लेस्टरला नोकरी मिळाली आहे, पण तिथल्या हॉस्पिटलात भारतीय पेशंटकडे दुर्लक्ष होतं असं कानावर आल्यामुळे जावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा वर्षं इथे आहे. माझं म्हणणं, नक्की या. फक्त तयारीने या.

तुमची भीती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार गोऱ्यांपेक्षा जास्त होतो आणि कमी वयात होतो. मधुमेह हे त्याचं एक मोठं कारण. 2002 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या पेशंटांचा अभ्यास छापून आला होता. तज्ज्ञांच्या निकषांनुसार ज्यांना अँजिओप्लास्टी योग्य होती, त्यांतल्या आपल्याकडच्या लोकांना ती गोऱ्यांपेक्षा कमी प्रमाणात मिळाली होती. पण एकदा निदान होऊन उपचार सुरू झाले की जगण्या-वाचण्यात आपली माणसं मागे पडतात, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून मला वाटतं, खरी काळजी घ्यायची ती दारातून आत जाईपर्यंत.

माझी आई आमच्याकडे आली होती तेव्हाची गोष्ट. पहाटे घामाघूम होऊन उठून बसली आणि म्हणाली, "जीव घाबरा होतोय." इमर्जन्सीत नर्सने विचारल्यावर मी घाईघाईत 'शी इज फीलिंग नर्व्हस' असं सांगून टाकलं. तिने 'अँग्झायटी' लिहिलं आणि आम्ही दोन तास बाकावर बसून राहिलो. मग एका डॉक्टरने आईसमोर येऊन स्वतःच्या छातीवर मूठ दाबून दाखवली. आई लगेच म्हणाली, "हो, दगड ठेवल्यासारखं. जबड्यापर्यंत जातंय." हे मी तिला विचारलंच नव्हतं. त्याच दिवशी तिला स्टेंट बसला. घामाने भिजलेल्या साठीच्या बाईचा ईसीजी आल्या आल्या काढायला हवा होता, याचा राग मला अजून आहे. आणि माझ्या त्या एका शब्दाची टोचणीही.

म्हणून हात जोडून सांगते: कुठे दुखतंय, दाब आहे की जळजळ, हात-जबड्यात जातंय का, घाम आलाय का, किती वाजता सुरू झालं, हे सगळं साध्या शब्दांत सांगा. घरातल्या माणसाने भाषांतर करण्यापेक्षा दुभाषी मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तो फुकट मिळतो. छातीत दुखलं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, 999 हा इथला इमर्जन्सीचा नंबर फिरवा.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटचं कार्ड हातातल्या बॅगेत असू द्या. गोळ्यांची मूळ औषधाची नावं लिहून आणा, आपल्याकडची ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकता कामा नये, म्हणून पुरेसा साठा आणा. कार्डिॲक रिहॅबबद्दल, म्हणजे हृदयाच्या उपचारानंतर व्यायाम आणि सल्ला देणाऱ्या वर्गांबद्दल, जीपीला आपणहून विचारा. आपले लोक तिथे कमी जातात, आणि तिथेच खूप काही गमावतात.

तुमचंही सांगते. इथे हृदयविकाराची जोखीम मोजताना क्यूरिस्क या हिशोबाच्या साधनात वंश विचारतात, तो भरा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की आपल्यासाठी धोका वाढला असं इथे धरतात, गोऱ्यांसाठी ती रेषा 25 आहे. चाळिशीनंतर मोफत हेल्थ चेकचं बोलावणं आलं तर टाळू नका.

व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरण्यासाठीची फी, भरला की तुमचा हॉस्पिटलचा खर्च सुटला. भेटीला येणाऱ्या आई-वडिलांचं तसं नाही. इमर्जन्सीत तपासणी फुकट होते, पण ॲडमिट केलं की सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. त्यांचा विमा आधीपासूनचे आजार धरणारा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पॉलिसी उघडून स्वतः वाचा.