लाँग क्यूटी असलेल्या भाच्याबद्दल

ताई, तुमचा ११ वर्षांचा भाचा पोहता पोहता बेशुद्ध झाला, बाहेर काढल्यावर हातपाय झाडत होता म्हणून फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि आता ईसीजीत क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यात हृदयातली वीज सुरू होऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) ४९० मिलिसेकंद दिसल्यावर लाँग क्यूटीचं, म्हणजे हा वेळ लांबून ठोके अचानक बिघडू शकतात त्या आजाराचं, निदान झालंय. तुम्ही विचारलंय, झोपेत काही होईल का आणि मशीन बसवावंच लागेल का. माझ्या मुलीला हाच आजार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी झोपेचं. या आजाराचे तीन प्रकार जास्त आढळतात. पहिल्यात धोका धावताना, विशेषतः पोहताना. दुसऱ्यात एकदम दचकल्यावर, म्हणजे गजर वाजला, फोन खणाणला की. झोपेतला धोका मुख्यतः तिसऱ्यात. भाच्याची हकिगत पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवते. जनुक तपासणीत ते पक्कं कळेल. पहिल्या प्रकारात बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ताण-उत्तेजनेचा परिणाम कमी करणाऱ्या रोजच्या गोळ्या, फार चांगल्या लागू पडतात, त्यामुळे रात्रभर त्याच्या उशाशी जागत बसू नका.

मशीन, म्हणजे आयसीडी (शरीरात बसवलेलं, ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं यंत्र), सरसकट सगळ्यांना बसवत नाहीत. हृदय एकदा बंद पडून वाचलेल्यांना किंवा गोळ्या नीट घेऊनही बेशुद्ध पडणाऱ्यांना त्याची गरज लागते. क्यूटीसी ५०० च्या वर गेला की डॉक्टर जास्त सावध होतात. वाढत्या वयात वायर खराब होणं, कारण नसताना शॉक बसणं हेही सोसावं लागतं, म्हणून घाई करू नका. घाई करायची ती गोळी वेळेवर देण्याची. 'आता बराय की, कशाला रोज औषध?' असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यांना ठामपणे सांगा, चुकलेली गोळी हाच या मुलांचा मोठा धोका आहे. पोहणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद, आणि शाळेत खेळाच्या सरांना लेखी कळवा.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते. पोट बिघडलं की आपण मेडिकलमधून उलटीची गोळी आणतो. डॉमपेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही क्यूटी वाढवतात. घशाला सर्रास मिळणारं अझिथ्रोमायसिन, बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल, हीसुद्धा त्याच यादीतली. त्यात उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलं तर धोका दोन्ही बाजूंनी येतो. आमच्याकडे औषधांची यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे आणि मुलीच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने 'लाँग क्यूटी' लिहिलंय. दातांच्या डॉक्टरांनाही ती फाइल दाखवतो.

घरातल्या सगळ्यांनी सीपीआर शिकून घ्या. मूल कोसळलं, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध जोरात दाब, मिनिटाला १०० ते १२०. तोंडात चमचा, नाकाला कांदा यात वेळ घालवायचा नाही.

शेवटचं तुमच्याबद्दल. हा दोष बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. बहिणीचा, मेहुण्यांचा आणि भाच्याच्या भावंडांचा ईसीजी आधी काढा. माहेरी कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, पट्टीचा पोहणारा असून विहिरीत बुडालंय का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. बहिणीत दोष निघाला तर तुमची आणि तुमच्या मुलांचीही तपासणी हवी. ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर थांबू नका; दोष असूनही काहींचा ईसीजी नॉर्मल येतो. भाच्याचं दोष असलेलं जनुक सापडलं असेल तर तेवढीच एक तपासणी बाकीच्यांची करून मागा.