लोन नको म्हणताय ना, मग आधी फ्लॅट लहान करा

तांदलज्याहून एका भाऊंनी लिहिलंय. मूळचे रत्नागिरीकडचे, चौदा वर्षं बडोद्यात, नंदेसरीला केमिकल कंपनीत नोकरी, वय 41, हातात महिना 1 लाख 5 हजार, भाडं 13 हजार, दोन मुलं. बँकेत मुद्दल 18 लाख, त्यावरचं साचलेलं व्याज 2 लाख 40 हजार, ते त्यांनी हात न लावता बाजूला ठेवलंय, आणि शरिया फंडात, म्हणजे व्याजाचा धंदा टाळणाऱ्या म्युच्युअल फंडात, 7 लाख. मुंब्र्याचा भाऊ 12 लाख बिनव्याजी द्यायला तयार आहे. बघितलेला तयार फ्लॅट 46 लाखांचा. बँक 26 लाख द्यायला तयार, साडेआठ टक्क्यानं, पंधरा वर्षं, पण व्याज हराम म्हणून त्यांना लोन नकोय. एक बिल्डर म्हणतो नवीन स्कीममध्ये घ्या, भाव 50 लाख फिक्स, 36 महिन्यांत फेडा, व्याज नाही. आणि एक मित्र म्हणतो थांब, आमच्या हलाल धंद्यात पैसे लाव, महिन्याला तीन टक्के मिळतील, दोन वर्षांत घर कॅशमध्ये घेशील. काय करू?

भाऊ, आधी सांगतो, मी मुफ्ती नाही, मी दांडिया बाजारात वाढलेला देशस्थ. काय हराम ते तुमचे आलिम, म्हणजे धर्मपंडित, सांगतील. तुम्ही रेघ कुठे ओढायची ते सांगा, त्या रेघेची किंमत किती पडते ते मी काढून देतो, एवढंच माझं काम. आणि तुमची रेघ तर स्पष्टच आहे, सूरह बकराहमध्ये व्यापार हलाल आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम असं सरळ लिहिलंय, त्यात मी शहाणपणा करणार नाही. काही आलिम गरज म्हणून पहिल्या घरापुरती सवलत देतात, युरोपातल्या फतवा कौन्सिलनं 1999 साली तिथल्या मुसलमानांसाठी दिली होती, पण ती त्यांच्या परिस्थितीची. तुम्ही स्वतःच लिहिलंय की लोन घेतलं तर झोप लागणार नाही, मग माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

मित्राचं आधी उरकून टाकू. नको. धंद्यात भागीदारी म्हणजे नफा वाटून आणि तोटाही वाटून, आणि नफ्याचा आकडा कोणी आधी ठरवून देऊ शकत नाही. महिन्याला तीन टक्के पक्के म्हणजे टोपी घातलेलं व्याजच झालं की. 2019 साली बंगळुरूच्या आयएमए नावाच्या गुंतवणूक कंपनीत हेच झालं, हलाल हलाल म्हणत हजारो घरांची पुंजी गेली आणि मालक दुबईला. धर्माचं नाव पुढे केलं की लोक हिशोबाची वही बघायला मागत नाहीत, यावरच ही दुकानं चालतात. (आमच्यातही चालतात हां, महाराजांच्या नावानं.)

आता बिल्डर. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी सौदा करताना एकच भाव ठरला असेल तर बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, चालतं म्हणतात, म्हणून तुम्हाला हा रस्ता सोपा वाटतोय. पण आकडे बघा. 46 चे 50 झाले म्हणजे 4 लाख. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी म्हणजे अडीच लाख, बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, मिळालेल्या तयार फ्लॅटला तो लागत नाही, आणि हे बिल्डरच्या पत्रकात कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. वर तीन वर्षं भाडं, 4 लाख 68 हजार. झाले सव्वाअकरा लाखांच्या आसपास. तुम्ही 20 भरणार, भावाचे 12, राहिले 18 ते महिना 50 हजारांनी, शिवाय जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटी, म्हणजे हातातली शिल्लक शून्य आणि त्यात मुलगा आजारी पडला तर काय करणार. हप्ता चुकला तर? रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, नमुना करारात उशिराच्या हप्त्यावर व्याजाचं कलम असतंच, म्हणजे ज्याला घाबरून पळालात ते मागच्या दारानं आत.

खरं सांगायचं तर प्रामाणिक तुलना केली की बँक स्वस्त निघते, हे मी लपवणार नाही. 26 लाख पंधरा वर्षं घेतले तर हप्ता साधारण 25,600 आणि एकूण व्याज वीस लाख, हा आकडा दाखवून लोक म्हणतात बघा व्याज किती वाईट. पण भावाचे 12 लाख घेऊन लोन 15 लाखच काढलं आणि बिल्डरला द्याल तेच 50 हजार अधिक वाचलेलं भाडं असे 63 हजार महिन्याला भरले, तर लोन सव्वादोन वर्षांच्या आत संपतं आणि व्याज दीड लाखाच्या आसपास. म्हणजे बिल्डरच्या रस्त्यानं तुमचं तत्त्व तुम्हाला जवळजवळ दहा लाखांना पडतं. तत्त्वासाठी पैसे मोजणं चुकीचं नाही, पण ते दहा लाख तुम्ही अल्लाहच्या नाही, बिल्डरच्या खिशात घालताय.

म्हणून म्हणतो, भांडण व्याज आणि हिशोबाचं नाहीच, भांडण 46 लाखांच्या आकड्याचं आहे. त्याच भागात जुना, रिसेलचा दोन बेडरूमचा 32 च्या आसपास मिळत असेल तर बघा. तुमचे 25 आणि भावाचे 12 असे 37. फ्लॅट 32, गुजरातची स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के म्हणजे 1 लाख 57 हजार, दस्त फक्त भाभींच्या नावानं केला तर एक टक्का नोंदणी फी माफ. उरले साडेतीन लाखांच्या आत, ते अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही. जीएसटी नाही, भाडं नाही, व्याज नाही. मग 63 हजारांनी भावाचे 12 लाख वीस महिन्यांच्या आत फिटतात. त्यानंतर तेच पैसे परत शरिया फंडात टाका आणि पाच-सहा वर्षांनी मोठ्या घराचा विचार करा. भाव वाढतील तेव्हा तुमच्या छोट्याचाही वाढेल. मुलं एका खोलीत झोपतील, आम्ही चार भावंडं झोपायचो.

भाभींच्या नावानं घेताना मात्र मनात धरा की ते घर खरंच त्यांचं झालं, नावापुरतं नाही. आणि रिसेल घेताना पहिलं काम, ती जागा अशांत धाऱ्यात, म्हणजे गुजरात सरकारनं अशांत ठरवलेल्या भागांतल्या मालमत्तेच्या कायद्यात, येते का ते काढा. येत असेल तर 1991 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरची परवानगी दस्ताच्या आधी लागते, विकणारा आणि घेणारा एकाच धर्माचे असले तरी. परवानगीशिवायचा सौदा कायद्यानं रद्दबातल, म्हणून मोठा बयाणा आधी देऊ नका.

दागिने विकू का विचारलंय. ते तुमचे नाहीत, भाभींचे आहेत, त्यांना विचारा. आणि जकातीचं, म्हणजे दरवर्षी काढायच्या सक्तीच्या दानाचं, एक. तुम्ही कोकणी म्हणजे शाफई, शेजारी बहुतेक हनफी, इस्लामी कायद्याच्या या दोन वेगळ्या परंपरा, त्यामुळे त्यांचं ऐकून हिशोब करू नका. अंगावर घालायच्या नेहमीच्या दागिन्यांवर हनफींकडे जकात आहे, शाफईंकडे नाही. उलट कर्ज वजा करून जकात काढायची सवय हनफींची, शाफईंकडे कर्ज असलं म्हणून जकात सुटत नाही असं मानतात, तेव्हा भावाचे 12 लाख डोक्यावर आहेत म्हणून जकात नाही असं परस्पर धरू नका, आलिमांना विचारा. घरासाठी साठवलेल्या 25 लाखांवर चंद्र-वर्ष झालं की अडीच टक्के, 62,500, आणि राहत्या घरात गेले की त्यावर नाही.

ते 2 लाख 40 हजार व्याज गरिबाला देणार म्हणताय, द्या. पण इन्कम टॅक्सला तुमची नियत दिसत नाही, जमा झालं की ते तुमचं उत्पन्न, टॅक्स भरायचाच.

बँकवाल्यांना बिनव्याजी काही आहे का विचारून दमला असाल. 2008 साली रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. म्हणून भावाचाच आधार. त्याचे पैसे बँकेतूनच घ्या, 20 हजार किंवा त्यावरचं उसनं कॅशमध्ये घेतलं तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि कागद करा. भाऊच आहे, कागद कशाला म्हणाल, तर कुराणातली सगळ्यात लांब आयत नेमकी यावरच आहे, उधार लिहून ठेवा, दोन साक्षीदार घ्या. कधी किती परत द्यायचे ते तारखेसकट लिहा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, एक प्रत मुंब्र्याला.