खानावळीसारखं मटण सुकं घरी का जमत नाही?

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे-घणसोलीच्या आगरी खानावळीत मिळतं तसं सुकं घरी केलं की मटण चिवट आणि मसाला पाणचट, असं तुमचं म्हणणं आहे. बहुतेकदा चूक पाण्यात आणि घाईत असते.

अर्धा किलो मटण खांद्याचं, हाडासकट मागा. नुसतं मांडीचं बोनलेस सुक्यात कोरडं पडतं. मीठ, हळद, दीड चमचा आलं-लसूण चोळून तासभर ठेवा. कुकरमध्ये तेलावर परता, अंगचं पाणी सुटलं की पाऊण वाटी गरम पाणी घाला. एक शिट्टी, मग मंद आचेवर 15-20 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. बोटानं तुकडा तुटला नाही तर अजून 5 मिनिटं द्या. मसाल्यात गेल्यावर ते फारसं शिजत नाही.

दोन कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं वेगवेगळं भाजा, कारण खोबरं आधी करपतं आणि सगळं कडू होतं. अगदी कमी पाण्यात वाटा. वाटण कढईत दोन चमचे आगरी मसाल्याबरोबर (आगरी घरांतला मिरची आणि गरम मसाल्यांचा तिखट मसाला) कडेनं तेल सुटेपर्यंत परता, दहा मिनिटं तरी. इथे घाई केली की कच्चा वास राहतोच! मग मटण घाला आणि कुकरमधलं पाणी थोडं थोडं ओतत मोठ्या आचेवर आटवा.