कंपनी कारखाना परदेशात हलवते, तेव्हा गेलेल्या नोकऱ्यांच्या जागी दुसऱ्या मिळतात का?

देशात कुठे ना कुठे, कालांतराने, बहुधा मिळतात. पण ज्याची गेली त्यालाच मिळेल याची हमी नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. स्वस्त मालाचा फायदा लाखो गिऱ्हाइकांत थोडाथोडा वाटला जातो, फटका मात्र एकाच गावाला बसतो.

अमेरिकेत २००० साली कारखान्यांत सुमारे १ कोटी ७३ लाख लोक कामाला होते. २०१० पर्यंत ते १ कोटी १५ लाखांवर आले. सगळं खापर आयातीवर फोडू नका. ऑटोमेशन होतं, २००८ ची मंदीही होती. पण २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्याचा धक्का मोठा होता. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, असा अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: माणसं कामामागे दुसऱ्या शहरांत फारशी गेलीच नाहीत. जाणार कशी? घर विकायला काढावं तर शेजाऱ्यानंही काढलेलं, मग घेणार कोण!

आणि कारखाना तोट्यात असला तरच जातो, असंही नाही. नोकियानं २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद केला तेव्हा कंपनी भरघोस नफ्यात होती. सुमारे २३०० जणांचं काम गेलं. उत्पादन रोमानियात क्लुजजवळ नेलं, आणि २०११ मध्ये तिथलंही बंद करून आशियाकडे वळवायचं ठरलं. म्हणजे ज्यांच्याकडे काम आलं, त्यांच्याकडेही ते टिकलं नाही.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनतात तिथं, काम केलंय. नोटीस लागण्याच्या बरंच आधी कळतं. नवीन मशीनची मागणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून परत येते. डाय (साचा) झिजली तरी नवी करायची नाही, घासून चालवा. मग पाहुणे येतात, जिग-फिक्श्चरचे (मशीनवर काम पक्कं धरणाऱ्या साधनांचे) फोटो काढतात आणि साहेब सांगतात, यांना सेटिंग दाखवा. आपलं काम आपणच शिकवून द्यायचं.

तुमच्याकडे असं काही सुरू असेल, तर कोणत्या मशीनवर काय काम केलं हे तपशिलानं लिहिलेलं अनुभवपत्र आत्ताच मागून घ्या. गेट बंद झाल्यावर सही करायला एचआरमध्ये कुणी सापडत नाही.