बायको कॅन्सरने गेली, तिच्या नावाने दानधर्म आणि थोडी जागृती करायचीय. सुरुवात कुठून करू?

आधी एक सांगते, लगेच ट्रस्ट काढायच्या मागे लागू नका. नाव, लोगो, नोंदणी करताना उत्साह असतो, मग दरवर्षीचे हिशोब, ऑडिट आणि विश्वस्तांच्या सह्या गोळा करण्यातच जीव जातो. त्यापेक्षा आजारपणात तुम्हाला दोघांना काय कमी पडलं ते आठवा आणि तेवढी एकच गोष्ट धरा.

आमच्या ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर पोटावर पिशवी आली, संडास गोळा व्हायची, स्टोमा बॅग म्हणतात ती. (स्टोमा म्हणजे संडास बाहेर यायला पोटावर केलेलं आतड्याचं तोंड.) ऑपरेशनचा, केमोचा खर्च सगळे विचारतात, पिशवीचं कोणी विचारत नाही, आणि ती तर दर थोड्या दिवसांनी नवीन लागते. तिच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीला मापाने गोल भोक कापायचं असतं, स्टोमापेक्षा जेमतेम दोनेक मिलिमीटर मोठं, जास्त कापलं गेलं की कडेने गळतं आणि तिथली कातडी भाजल्यासारखी सोलवटते. पुरवून वापरायची म्हणून गळणारी पिशवी चिकटपट्ट्या लावून तशीच ठेवलेले पेशंट मी वॉर्डात बघितलेत. म्हणून ह्यांच्या नावाने आता पिशव्याच देते, हॉस्पिटलच्या सोशल वर्करमार्फत, कारण खरी गरज कोणाला आहे ते तिला कळतं, मला नाही. आणि देतानाचे फोटो अजिबात नाही, पोटावरची पिशवी घेताना कोणाला फोटो हवा असतो हो?

क्रिकेट बघत असाल तर सिडनीची गुलाबी टेस्ट माहीतच असेल. ऑस्ट्रेलियाचा बोलर ग्लेन मॅकग्रा आणि त्याची बायको जेन यांनी २००५ मध्ये फाउंडेशन काढलं, २००८ मध्ये जेन ब्रेस्ट कॅन्सरने गेली, पण त्या टेस्टमधून फाउंडेशनसाठी जमणारा पैसा आजही पेशंटच्या सोबतीला असणाऱ्या नर्सेसवर खर्च होतो. इंग्लंडचा माजी कप्तान अँड्र्यू स्ट्रॉसची बायको रूथ २०१८ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली, सिगारेट न ओढता. तिच्या नावाची संस्था, आई किंवा बाबा जाणार आहेत हे मुलांना कसं सांगायचं, यात घरच्यांना मदत करते. बघा, दोघांनीही आपल्या घरात जे भोगलं तेच उचललं.

पैसे दुसऱ्या संस्थेला देणार असाल तर कशासाठी ते पत्रात लिहून द्या, पण ती गरज उरली नाही तर जवळच्या दुसऱ्या कामाला वापरा, हेही त्यातच लिहा, नाहीतर पैसे नुसते पडून राहतात. आणि मोठी रक्कम पहिल्या काही महिन्यांत देऊ नका, तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

आता जागृती. फीत लावून चालत जाण्याने कोणाला काय कळतं मला तरी समजलेलं नाही. लक्षणं बोला, स्पष्ट बोला. ह्यांना संडासातून रक्त जायचं, मूळव्याधच असेल असं धरून बसले, लाजेपोटी मलासुद्धा कित्येक महिने बोलले नाहीत. म्हणून मी कुठेही बोलायला उभी राहिले की पहिलं वाक्य संडासाबद्दलच असतं, लोक हसतात, हसू देत, नंतर तेच बाजूला घेऊन विचारतात. रक्त जाणं, पोट साफ व्हायची सवय अचानक बदलून तशीच राहणं, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरणं, वजन घटणं, एवढंच सांगायचं आणि डॉक्टरकडे जा म्हणायचं. आतड्यातल्या छोट्या गाठीचा, पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा बरीच वर्षं जातात आणि तोवर कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून तपासतात तेव्हा, ती काढून टाकता येते, हे तर भल्याभल्यांना माहीत नसतं.

आणि ही जागृती आधी घरात करा. मिसेसना कुठला कॅन्सर होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण ब्रेस्टचा, ओव्हरीचा, आतड्याचा असे काही कॅन्सर काही घराण्यांत चालत येतात, तेव्हा मुलांनी आणि मिसेसच्या सख्ख्या भावंडांनी तपासणी कधीपासून करायची ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारून घ्या. आतड्याच्या बाबतीत घरच्या पेशंटला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी किंवा चाळिसाव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, असं बरेच डॉक्टर सांगतात. आमच्या मुलाने खूप कां-कूं केली, पण शेवटी करून आला.