पार्किंगची फरशी: फोडायची की वरूनच काँक्रीट ओतायचं?

ताई, तुमचा प्रश्न आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. आईबाबांचं घर नागपूरच्या बेसा भागातल्या ले-आउटमध्ये, बांधून आठ-नऊ वर्षं झालेलं. पार्किंगच्या टाइल्स पोकळ वाजतात, मधला भाग दीडेक इंच खाली गेलाय, जमिनीखालच्या टाकीकडची कड मात्र वर उचलली गेलीय. भिंतीलगत बोट जाईल एवढी फट आहे. ठेकेदार म्हणतो, फोडायची गरज नाही, वरून दोन इंच काँक्रीट आणि त्यावर नव्या टाइल्स, आठवड्यात काम संपलं. शिवाय तळघरातल्या सामानाच्या खोलीत ओल आहे आणि बाबांना हे सगळं मे महिन्यातच उरकायचंय.

वरून ओतू देऊ नका. फरशी फोडून काढा, आणि जमलं तर काम दिवाळीनंतर करा.

कारण तुमच्याकडे जे बिघडलंय ते काँक्रीट नाहीच, त्याच्या खालचा भराव आणि माती आहे. खचलेल्या तळावर दोन इंचांचा थर टाकला की गाडीच्या चाकाखाली तो जुन्याच भेगांच्या रेषेत फुटतो. वर पार्किंगची पातळी दोन-तीन इंच चढते ती वेगळीच. मग गेट घासतं आणि पावसाचं पाणी उंबऱ्याकडे वळतं. म्हणजे फोडायचा खर्च टळत नाही, दोन वर्षांनी दोन थर फोडायचा खर्च येतो.

आधी एक साधी तपासणी करा. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधा आणि दर दोन फुटांवर दोरी ते फरशी अंतर लिहून घ्या, आडवं आणि उभं. मध्ये खोलगट आणि कडा जागेवर, तर जोत्यातला भराव नीट ठोकलेला नव्हता. बहुतेक ठिकाणी बांधकामाचा मलबा आणि खोदलेलीच माती एका दमात तीन फूट भरतात, वरून पाणी सोडतात आणि "बसली" म्हणतात. ती पुढची कित्येक वर्षं बसतच राहते. उलट एखादी कड किंवा मधला भाग वर आलेला असेल, तर खालची काळी माती फुगते आहे. तुमच्या वर्णनावरून दोन्ही गोष्टी एकाच फरशीखाली चाललेल्या दिसतात.

काळ्या मातीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नागपुरात पार्किंग आणि कंपाउंड वॉल फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शहराच्या दक्षिणेकडचे बरेच नवे ले-आउट कालपरवापर्यंत शेतच होते. घराचा भार कॉलममधून खोल मुरमावर किंवा खडकावर जातो, म्हणून घर उभं राहतं. पार्किंगची फरशी मात्र थेट मातीवर पडून असते, त्यामुळे मातीची प्रत्येक हालचाल तिला सोसावी लागते.

ही माती ओली किंवा कोरडी एकसारखी राहिली तर फारसं बिघडत नाही. एका बाजूला ओली आणि दुसरीकडे कोरडी झाली की फरशी मोडते. म्हणून फोडाफोडीआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. टाकीकडचीच कड वर आलीय, तेव्हा पहिला संशय टाकीवर. रात्री टाकी भरा, आत येणारा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर आधी टाकीचं वॉटरप्रूफिंग, बाकी सगळं नंतर. गच्चीचा पावसाळी पाइप भिंतीच्या पायाशीच सुटतोय का, तेही बघा. आणि कूलर! चार महिने भिंतीच्या एकाच कोपऱ्यात टपटप चालू असते. नागपुरात कूलरच्या बरोबर खालचा कोपरा उचललेल्या फरश्या मी बऱ्याच पाहिल्यात. ते पाणी पाइपने नालीत सोडा.

आता खोदाई. जुनं काँक्रीट काढल्यावर भराव निदान दीड-दोन फूट उकरा. काळी माती दिसली तर तेवढी बाहेर न्या, तीच परत आत टाकू देऊ नका. जागी चांगला मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांत. प्रत्येक थरावर हलकं पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबणारं यंत्र) फिरवा. मुरमाची मूठ आवळली की गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, एवढीच ओल हवी. हातातल्या धुम्मसाने कोपरे ठोकता येतात, पूर्ण पार्किंग नाही. कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो ठेकेदाराकडून आधी कबूल करून घ्या.

इथे एक चूक फार प्रेमाने केली जाते: मुरमाऐवजी रेती किंवा नुसते मोठे दगड भरणं. काळ्या मातीवर रेतीचा थर म्हणजे खाली लपवलेला हौदच. पाणी त्यात साठतं आणि मातीला महिनोन्महिने पाजत राहतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत विकसित केली, ती याच अनुभवाला धरून आहे. त्या पद्धतीत थर साधारण एक मीटरचा लागतो. घराच्या पार्किंगमध्ये एवढं खोदणं क्वचितच परवडतं, म्हणून आपण दोन फूट मुरूम भरायचा आणि उरलेली काळजी पाणी बाहेर ठेवून घ्यायची.

भरावाखालून ड्रेनेजचा पाइप जात असेल तर तो उघडा असतानाच पाणी भरून तपासा, आणि वाळवीची फवारणीही याच वेळी करून घ्या. मुरमावर चार इंच सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, नीट ठोकून, वर चुरी (दगडाचा बारीक चुरा) मारून फटी बंद करा. त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर फूटभर चढवून. प्लास्टिकशिवाय तळ काँक्रीटचं पाणी शोषतो आणि नंतर खालची ओल वर येते.

तुमचं पार्किंग १२ बाय २० फूट आहे. मोठी गाडी आणि अशी माती, म्हणून मी पाच इंच जाडी धरेन. हिशोब सोपा आहे: २४० चौरस फुटांवर पाच इंच म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास काँक्रीट. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, रेती, गिट्टीचं १:१.५:३ प्रमाण धरलं तर सिमेंटच्या २२-२३ बॅगा लागतील. ठेकेदाराने १५ बॅगा सांगितल्या, तर कुठे काटकसर चाललीय ते तुम्हाला लगेच कळेल. कन्हान नदीची रेती चांगली असते, पण धुतलेली आहे का ते बघा. काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवा, वर गाळाचा जाड थर बसला तर तो ट्रक परत पाठवा. मिक्सरमध्ये एका बॅगेला २५ लिटरच्या वर पाणी नको, रेती ओली असेल तर आणखी कमी. मजुरांना पातळ माल पसरवायला सोपा जातो, म्हणून या मुद्द्यावर कोणीतरी घरचं माणूस मिक्सरजवळ उभं राहणं गरजेचं आहे.

लोखंडी सळ्यांची जाळी ८ मिमीची, आठ-आठ इंचांवर, आणि ती वरच्या तिसऱ्या भागात असली पाहिजे. जमिनीवर अंथरून वर माल ओतला तर ते लोखंड वाया गेलं. जाळी उचलून धरणारे उंच कव्हर ब्लॉक (सिमेंटचे ठोकळे) किंवा सळईच्या खुर्च्या लावून घ्या. जाळी भेग थांबवत नाही, पडलेली भेग उघडू देत नाही, एवढंच तिचं काम. ती कॉलमला किंवा प्लिंथ बीमला (जोत्याच्या तुळईला) बांधू नका. उलट भिंती आणि कॉलमभोवती अर्धा इंच थर्माकोलची पट्टी लावून फरशी सुटी ठेवा. घर आणि फरशी वेगवेगळ्या हलणार आहेत, त्यांना हलू द्यावं. आणि लांबीत दोन, रुंदीत एक असे काप द्या, सव्वा इंच खोल. म्हणजे भेग पडलीच तर कापात पडेल. थंडीत काप दुसऱ्या दिवशी चालतो, उन्हाळ्यात त्याच रात्री मारावा लागतो.

ओतलेल्या काँक्रीटवर पाणी सुटलं की मिस्त्री सुकं सिमेंट भुरभुरतो आणि घोटून चकाकी आणतो. ते करू देऊ नका. ती पापडी पुढे टायरबरोबर निघते. पाणी आपोआप उडून जाईपर्यंत थांबायचं, मगच थापी.

मे महिन्याचं म्हणाल तर मी बाबांशी बोलायलाही तयार आहे. भारतीय मानक ४० अंशांच्या वरच्या हवेतल्या कामाला उष्ण हवामानातलं काँक्रीट मानतं आणि ओतताना काँक्रीटचं तापमान ४० च्या आत ठेवायला सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं, वर लू चालते. माल पसरून होईपर्यंत पृष्ठभाग सुकतो आणि ओल्या काँक्रीटवरच केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं. अगदीच अडलं तर संध्याकाळी उशिरा सुरू करा, गिट्टी सावलीत आणि भिजलेली ठेवा, पाण्यात बर्फ टाका, आणि फिनिशिंग होताच प्लास्टिकने झाका.

मग तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी असतं. ते ताकद सावकाश धरतं, म्हणून मानकातही त्याला किमान १० दिवस आणि शक्यतो १४ दिवस ओल ठेवायला सांगितलंय. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं म्हणजे तराई नव्हे. ओली पोती अंथरून वर प्लास्टिक ठेवा. आळी करून पाणी साठवू नका, कडेच्या फटीतून ते पुन्हा काळ्या मातीत उतरेल. गाडी २८ दिवसांनीच आत घ्या. त्यानंतर कडेच्या थर्माकोलचा वरचा भाग काढून सीलंट भरायचं.

पातळी ठरवताना घरासमोरचा रस्ता बघा. शहरात सिमेंट रस्ते झाले आणि कित्येक गल्ल्यांत रस्ता घरापेक्षा वर आला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पार्किंग आणि तळमजले किती भरले ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमचा भाग त्यापासून लांब आहे, तरी गेटकडे १०० ला १ उतार आणि गेटवर दोन-तीन इंचांचा उंचवटा असू द्या. त्याच्या आत जाळीची नाली हवी.

तळघराच्या खोलीला हीच कृती लावू नका. फरशीवर दोन फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. प्लास्टिकच्या खाली थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला आले तर ती खोलीतली कोंदट हवा आहे आणि एक्झॉस्ट पंख्याने बरंच भागेल. पण ऑगस्टमध्ये तिथे प्रत्यक्ष पाणी वर येत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. चार इंच काँक्रीटचं वजन एका चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास असतं. खालून साधारण दहा इंच पाण्याचा दाब आला की तेवढं वजन उचललं जातं. नवीन थर नुसता टाकला तर तो पहिल्याच मोठ्या पावसात वर येऊ शकतो. तिथे बाहेरून पाणी वळवणं आणि कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवणं हेच पहिलं काम. आणि ते पार्किंगच्या आधी करून घ्या, कारण तिथला मलबा आणि पंपाचा पाइप दोन्ही पार्किंगमधूनच बाहेर जाणार आहेत.