आजीला सोडून म्हातारपण शिकायला जाऊ का?

"मावशी, मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ८१ वर्षांची आजी दोनदा मोरीत पडली, तेव्हापासून तिचं सगळं मीच बघते. त्यातूनच वार्धक्यशास्त्र शिकायचं मनात आलं. बाबा म्हणतात, 'म्हाताऱ्यांचं करायला एम.ए. कशाला लागतं? आणि शिकायचंच तर इथं म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे की!' आई म्हणते, 'घरची म्हातारी टाकून मुंबईला म्हातारपण शिकायला जाणार? लोक हसतील.' काय करू?"
– एक गोंधळलेली, इंदिरानगर, नाशिक

अगं गोंधळलेले,

आधी बाबांचा गैरसमज दूर करू. म्हसरूळचं विद्यापीठ डॉक्टर, नर्स वगैरे घडवणाऱ्या कॉलेजांचं. वृद्धांच्या आजारांत एम.डी. करायचं तर आधी एमबीबीएस हवं. तुझी वाट वेगळी आहे. वार्धक्यशास्त्राची स्वतंत्र पदवी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. बरेच जण समाजकार्य, मानसशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्रात एम.ए. करून मग या विषयाकडे वळतात. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. पेन्शनपासून एकटेपणापर्यंत सगळं विचारलं. असलं काम करणारी माणसं कुठूनतरी शिकूनच येतात.

आता 'एम.ए. कशाला'. आजी मोरीत पडली तेव्हा घरात काय बोलणं झालं असेल ते मी न ऐकताही सांगते: "वय झालं, होतंच असं." शिकलेला माणूस तिथं थांबत नाही. रात्री ती किती वेळा उठते? बीपीची गोळी कधी घेते, झटकन उठल्यावर चक्कर येते का? झोपेची गोळी आहे का? मोरीचा उंबरठा केवढा, धरायला दांडा आहे का, दिवा लावायला अंधारात चाचपडावं लागतं का? आणि पुन्हा पडू या धास्तीने तिने देवळात जाणंच सोडलंय का? कारण चालणं सुटलं की पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. एका पडण्यामागे डॉक्टर, गवंडी आणि मन, तिन्ही येतात.

कायदाही येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेलं घर, सांभाळलं नाही तर परतही मिळवता येतं. त्यासाठीच्या, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अशा अर्जासोबत उभं राहणारं माणूस लागतं. (पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे बाबांपासून लपवू नकोस.)

पण आजीवरच्या मायेवर दोन वर्षांचं शिक्षण निघणार नाही. तिथं तुला चिडखोर, हेकट, तुझं नावही लक्षात न ठेवणारे म्हातारे भेटतील. परीक्षा झाली की जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बस, एखाद्या वृद्धाश्रमात दोन-तीन महिने काम कर. अनोळखी आजोबांची तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकतानाही रस वाटला, तर फॉर्म भर.

राहिली आई. लोक हसतील ते हसू देत, पण तिच्या बोलण्यातली भीती खरी आहे: तू गेल्यावर सगळं तिच्या अंगावर पडणार. तेव्हा पंचवटी एक्सप्रेसची वेळ बघण्याआधी कामं वाटून घ्यायला हवीत.

तुझ्या पत्रात आई आहे, बाबा आहेत, हसणारे लोकसुद्धा आहेत. आजीचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. तिला विचारलंस का? ती लगेच "जा गं, माझं काय" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस, नेमकं विचार: रात्री हाक मारली तर कोण यावं? आंघोळीला कोणाची मदत चालेल, बाहेरची बाई ठेवली तर? ती सांगेल ते लिहून घे आणि कागद बाबांपुढे ठेव. सकाळच्या गोळ्या द्यायचं काम त्यांच्या नावावर लिही. त्याला एम.ए. लागत नाही, असं तेच म्हणालेत.

– तुझी मावशी